घड्याळामागची चिठ्ठी

हॅलो? हो, हो, आज मासे आहेत. पाचला सुरू. बटाट्याची धिरडी हवी असतील तर लवकर या, सहाला संपतात, मग माझ्या नावानं ओरडू नका... कोण?

अगं मारेन, तू होय! मला वाटलं गिऱ्हाईक. शुक्रवारी दुपारी बारच्या या फोनवर माशांशिवाय कोणी दुसरं बोलत नाही गं... थांब, हात पिठात आहेत, फोन खांद्यात धरते... हं. बोल आता. मावशी ऐकतेय.

मारेन?

अगं, काय झालं?... रडतेयस का तू?... लाईल! ते तेल बारीक कर! बारीक म्हटलं मी, बंद नाही!... तुझे काका गं. तीस वर्षं बार चालवतोय हा माणूस, अजून शेगडीचं बटण कळत नाही. हं, सांग. मी कुठे जात नाही. बटाटे किसत किसत ऐकते.

पत्र?... आलं? कधी?... आणि?

नाही?

नाही म्हणजे... 'सध्या जागा नाही, पुढच्या वर्षी बघू' असलं नाही, की...

अगं, असं कसं? धावण्यात तू तिसरी आलीस, त्या दांडग्या पोरांच्यात. लेखी परीक्षेत पहिली. दोन-दोन मुलाखती झाल्या. फक्त ती चौकशी राहिली होती ना, तो सार्जंट ओळखीच्यांना भेटून विचारतो ती? मी तर इथे गावभर सांगून बसलेय, नाताळला आमची पोरगी वर्दीत जेवायला येणार म्हणून!... हो... हो गं, नको होतं सांगायला. सांगितलं खरं.

बरं, पत्र वाच. नेमकं लिहिलंय काय?

'माहिती देताना सत्य...' पुन्हा वाच, तेल चरचरतंय इथे... 'सत्य दडवल्यामुळे उमेदवार अपात्र.'

तू दडवलंस? अगं, सहा वर्षांची असताना दुकानातून एक खाऊची गोळी उचललीस नि घरी येऊन इतकी रडलीस, की मला गाडी काढून ती परत द्यायला जावं लागलं. दुकानदारालाच वाईट वाटलं, त्यानं तुला पिशवीभर गोळ्या दिल्या! तुला साधं पत्त्यांत फसवता येत नाही, नि तू काय दडवणार?

बुधवारी?... बोलावलं होतं त्यानं? मग मला का नाही सांगितलंस?... बरं, बरं, मध्ये बोलत नाही. सांग.

हं... तो बत्तीस पानांचा फॉर्म. आठवतोय की. माझ्याच टेबलावर बसून भरलास, एकोणिसाव्या पानावर कॉफी सांडलीस नि ते पान पुन्हा लिहिलंस... हं... कुठला प्रश्न?

'शिकारीचा किंवा मासेमारीचा एखादा नियम कधी मोडला आहे का, पकडले गेला नसलात तरी.' अरे देवा. आणि तू काय लिहिलंस?... 'नाही.'

अगं पोरी, या काउंटीत त्या प्रश्नाला 'नाही' लिहिणारा एकतर शहरातून आलेला, नाहीतर खोटारडा! आपले पाद्रीसुद्धा 'नाही' लिहिणार नाहीत!... नाही गं, हसत नाहीये. खरंच हसत नाहीये. तोंडाला सवय आहे मेली.

मग?... 'या पानावर काही बदलायचंय का?' असं विचारलं... किती वेळा?... तीन वेळा. मध्ये पाणी आणून दिलं, पुन्हा विचारलं. आणि तू तिन्ही वेळा नाही म्हणालीस. का गं, सोन्या? तिसऱ्यांदा विचारतोय म्हटल्यावर तरी ओळखायचं ना, की याच्या हातात काहीतरी... हो. खरंय. बटाटे किसत शहाणपण सांगणं सोपं असतं.

कुठलं हरीण?

ते?... ते हरीण?

ते कसं विसरेन? इथून दिसतंय ना मला, बारच्या वर. दहा टोकांची शिंगं, खाली आजोबांच्या नावाची पितळेची पाटी. 'ऑर्व्हिल, शेवटचा हंगाम.' रोज पुसते मी ती... अगं, मला काय सांगतेस, मी होते ना तिथं! पंधरा वर्षांची होतीस. तुझ्या आजोबांची बंदूक घेऊन पहाटेपासून झाडावर बसलीस, नि एका गोळीत पाडलंस. आणि तिकडे आजोबा घरात खुर्चीत, नाकात नळी, पायावर गोधडी. एकसष्ट वर्षांत आमच्या बाबांचा शिकारीचा एक हंगाम रिकामा गेला नव्हता. तो एक जाणार होता. मग तूच म्हणालीस, 'मावशी, हे आजोबांचं समजू या.' तुझ्या शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी तुझ्या खिशात कोरी राहिली, नि हरणाच्या कानाला बांधली आजोबांची. कुणाचं काय गेलं त्यात? चिठ्ठी एक, हरीण एक!

हो, माहितीये. कायद्यात बसत नाही. ज्यानं मारलं त्याची चिठ्ठी. आजोबा शेतात असते, हाकेच्या अंतरावर, तर चाललं असतं. मी म्हटलंही होतं, पांघरुणात गुंडाळून गाडीत आणून बसवू त्यांना. तुझी आई नको म्हणाली, थंडी बाधेल. तसेही तीन आठवड्यांनी गेलेच... जाऊ दे.

पण त्या सार्जंटला हे कुणाकडून कळलं, ते... बोलला का काही?

काय म्हणाला तो? शब्द न् शब्द सांग बघू.

दहा टोकांचं... हं... आजोबांच्या नावावर नोंदवलं... हं...

घड्याळामागची चिठ्ठी?

असं म्हणाला? 'आजोबांची घड्याळामागे ठेवलेली चिठ्ठी काढून आणली'? घड्याळामागे, अगदी असंच?

आहे गं. आहे, लाईनवरच आहे. काही नाही. बोट किसलं गेलं... नाही, फार नाही. लाईल, तो फडका दे... बोल तू. बोल.

हं... मग दुसरीकडे अर्ज कर ना. शेरीफकडे कर. अगं, एक दार बंद झालं म्हणून... का?

सगळ्यांच्याच फॉर्मवर असतं ते? 'याआधी कोणी नाकारलं का, कशासाठी'... आणि ते एकमेकांना फोन करतात. म्हणजे पार विस्कॉन्सिनभर?... जेलमध्येसुद्धा? अगं, जेलवाले तर माणसं मिळत नाहीत म्हणून हायवेवर फलक लावून बसलेत!... हो का. तिथंही तेच.

पण खोटं कशाबद्दल बोललात, ते बघायचं नाही का कुणी? एका पोरीनं मरणाऱ्या म्हाताऱ्याला...

हो. हो, सांगितलंयस तू मला. कॉलेजात पहिल्याच तासाला तुमच्या त्या म्हाताऱ्या लेफ्टनंट सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'केलेलं माफ होईल, लपवलेलं नाही.' वहीत लाल शाईत उतरवून आणलं होतंस नि मला दाखवलं होतंस... कारण उद्या कोर्टात साक्षीला उभं राहिलात की समोरचा वकील आधी तेच काढणार. माहितीये मला. पाठ झालंय.

सार्जंट काय म्हणाला शेवटी?... 'पंधराव्या वर्षी, आजोबांसाठी. लिहिलं असतंस तर मी हसून पान उलटलं असतं.'

अगं आई गं.

नको, असं नको बोलूस. दोन वर्षं वाया... बरं, गेली वाया. रड. मी काही म्हणत नाही... आई काय म्हणेल? आईचं बरोबरच होतं, असं म्हणेल. आणि होतंच की! घसा फोडून सांगत होती बिचारी. त्याच कॉलेजात दात साफ करायचा कोर्स आहे, तो घे, माणसाच्या तोंडात दात आहेत तोवर नोकरी आहे. नाहीतर वेल्डिंग घे म्हणाली. वेल्डिंगच्या पोरांना कागदाच्या मिलवाले कॉलेजच्या दारातून उचलून नेतात. पण छे! मावशीला घरात पोलीस पाहिजे होता! कॉलेज बघायला बोलावतात, त्या दिवशी तुला हाताला धरून त्या टेबलापाशी कोणी नेलं? मी. टेबलावर हातकड्या मांडलेल्या, बोटांचे ठसे घ्यायची शाई, आणि माहितीपत्रकावर वर्दीतली पोरगी हसतेय. 'शंभरातल्या नव्वदांना नोकरी.' कसली नोकरी, ते कुठे बारीक अक्षरातही नव्हतं. मीही नाही विचारलं. गुन्हेगारी न्याय! कोर्सचं नाव ऐकूनच छाती फुगली माझी.

किती होतात तुम्ही वर्गात, अठरा?... आणि पोलिसात किती गेले?... दोन. तुझ्या मैत्रिणीला, शावनाला लागली तर तीन. हं. आणि तो उंच पोरगा, माझ्या बारमध्ये बसून मलाच दारूच्या कायद्याची कलमं सांगायचा तो?... छपरं घालतो. आणि त्या जुळ्या?... एक दुकानात चोर पकडते. दुसरी?... त्याच दुकानात गल्ल्यावर. बरं झालं, एकमेकींना सोबत तरी. आणि तू मिलच्या गेटवर. ट्रकचे नंबर उतरवायला दोन वर्षं शिकलीस. आणि त्या कॉलेजच्या पत्रकात तू नव्वदांतली आहेस बरं का! तुला 'नोकरी लागलीये'!

...नाही गं. तुला नाही टोचून बोलत. स्वतःला बोलतेय.

एक सांगू? अठराव्या वर्षी मी गेले होते शेरीफच्या ऑफिसात, भरतीचं विचारायला. तुझ्या आईलाही माहीत नाही. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं नि म्हणाला, कैद्यांच्या स्वयंपाकाला एक बाई हवीये. तेव्हापासून मी तळतेच आहे. म्हणून तुला... हो. म्हणून तुला ढकललं. इतक्या वर्षांत बोलले नव्हते.

कोण?

शावना?... शावनानं सांगितलं? कोण म्हणतं?... तुला वाटतं. अगं, वाटण्यावर काय... हो, तिनंही त्याच जागेसाठी अर्ज केलाय, माहितीये. जागा एकच, माहितीये... तू तिला सांगितलं होतंस हरणाचं? कधी?... कॉलेज संपलं त्या दिवशी. इथंच, शिंगांखाली बसून, दोन बिअर झाल्यावर. बरं. म्हणून लगेच तिनं...

कुठे आहेस तू आत्ता?

मारेन, विचारतेय मी. कुठे आहेस?... तिच्या घरासमोर?... गाडीत बसून काय करतेयस तिथं?

तीनला तिची जेलमधली पाळी संपते, सव्वातीनला घरी येते. आत्ता... लाईल, किती वाजले रे?... तीन दहा.

अगं ऐक ना. ऐक. गाडी चालू कर नि इकडे ये. तुला गरम गरम धिरडं देते, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर... भूक नाही तर नुसती ये!

तिच्या तोंडावर काय सांगणारेस?... ते?... तिच्या आईच्या गोळ्यांचं?... म्हणजे शाळेत असताना पाठ दुखत होती म्हणून दोनदा आईच्या औषधातल्या गोळ्या घेतल्या होत्या, ते? आणि दुसऱ्याच्या नावची औषधं घेतलीत का, या प्रश्नाला तिनंही फॉर्मवर 'नाही' लिहिलंय... मग तू ते सार्जंटला सांगणार?

वा. झकास. म्हणजे दोघीही मिलच्या गेटवर! एक ट्रकचे नंबर उतरवायला, एक फाटक उघडायला!

नाही, ऐक तू. ते तिनं तुला मैत्रीण म्हणून सांगितलं होतं. ते तोंडाबाहेर काढलंस की परत आत जात नाही. मला विचार... नाही, काही नाही. ती अशी पोरगी नाही, एवढंच म्हणते. तुला न्यूमोनिया झाला तेव्हा कमरेइतक्या बर्फातून वह्या घेऊन कोण आलं होतं?... तिनं नाही केलं ते. मला माहितीये... माहितीये म्हणजे... मन सांगतं गं माझं... अगं, असतं एकेक मन!

आली? तिची गाडी?... दुसऱ्या कुणाची. हुश्श.

मारेन, उतरू नकोस. थांब. एक मिनिट थांब... लाईल, तू बाहेर जा जरा. बाहेर म्हणजे बारमध्ये. तेल राहू दे... बंद कर मग. हो, आता बंद!

ऐक. घड्याळाचं तू शावनाला सांगितलं होतंस?... नीट आठव. चिठ्ठी घड्याळामागे होती, हे तुला तरी कुठे माहीत होतं? सार्जंटच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलंस ना? मग जे तुलाच ठाऊक नव्हतं, ते ती कसं सांगेल?... हं. तू तर शेतात हरणापाशी उभी होतीस, हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. घरात जाऊन चिठ्ठी कोणी आणली?... आई? आई औषधं आणायला गेली होती. बाबा चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या घड्याळामागे खोचतात, हे कुणाला माहीत होतं?

विचार कर. दोन वर्षं तपास शिकलीस ना गं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

हो.

मीच सांगितलं, मारेन. मी.

...

ऐकतेयस ना?... गाड्यांचा आवाज येतोय, म्हणजे आहेस.

मंगळवारी आला होता तो. दुपारी, बार रिकामा. चांगला माणूस वाटला गं. टोपी काढून बसला. मी त्याला चेरीचा केक दिला. म्हणाला, मारेनबद्दल सांगा, पोरगी कशी आहे? झालं! माझ्या तोंडात तीळ भिजतोय होय? दुकानातल्या त्या गोळीचं सांगितलं, न्यूमोनियातून उठून परीक्षेला गेलीस ते सांगितलं. तो हसत होता, लिहीत होता. मग त्याची नजर वर गेली. म्हणाला, काय शिंगं आहेत! कुणी मारलं?

आणि मला राहवलंच नाही गं. आठ वर्षं मी ती पाटी पुसतेय नि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, आमच्या बाबांनी मारलं. दर वेळी घशाशी यायचं, नाही, आमच्या पोरीनं! त्या दिवशी वाटलं, हा माणूस विचारतोच आहे पोरगी कशी आहे, तर याहून चांगली गोष्ट माझ्याजवळ नाही. सगळं सांगितलं. घड्याळापासून सगळं. म्हटलं, एवढं मोठं हरीण पाडलं नि म्हाताऱ्याला देऊन टाकलं. ना शाळेत फुशारकी मारली, ना गावात. अशी आहे आमची पोरगी. लिहा म्हटलं! 'लिहा' म्हणाले गं मी त्याला!

त्यानं पेन खाली ठेवलं होतं. ते पुन्हा उचललं नि लिहिलं.

आणि उठून गेला. अर्धा केक तसाच. मला वाटलं, साखर कमी पडली.

हो... बोल. बोल, मी ऐकतेय... हो... हो, आधी तुला विचारायला हवं होतं... हो, आहेच मी मूर्ख... नाही, तो पोलीस आहे हे माझ्या लक्षात होतं, पण चांगलं सांगताना कोण घाबरतं गं?... हो. जिभेला हाड नाही माझ्या. तुझी आई तेच म्हणते, लहानपणापासून म्हणते.

काय म्हणालीस?

माझ्यासाठी?

माझ्यासाठी 'नाही' लिहिलंस?

त्या साली मारलेल्या हरणांची सरकारी नोंद इथेच व्हायची, बारमध्ये. वही माझ्या ताब्यात. हो. आजोबांचं नाव मी लिहिलं, खाली सही माझी... मग तुला वाटलं, खरं लिहिलं तर मावशीला धरतील, बारचा परवाना जाईल... म्हणून तीन वेळा विचारलं तरी...

अगं वेडे! मला काय झालं असतं? दंड झाला असता, गावानं चार दिवस चेष्टा केली असती नि पाचव्या दिवशी तेच लोक मासे खायला आले असते! तू मला वाचवायला तोंड मिटून बसलीस, नि मी तुझं कौतुक करायला तोंड उघडलं. करायला गेले काय नि वरती झाले पाय.

मी जाते सार्जंटकडे. आत्ता जाते, अशीच, ॲप्रन घालून. सांगते चिठ्ठी मी बांधली, वही मी भरली, पोर लहान होती... हो... प्रश्न हरणाचा नाही. तू त्याच्यासमोर बसून तीनदा नाही म्हणालीस, प्रश्न त्याचा आहे. कळतंय गं मला. कळतंय, पण बसवत नाही.

काय?... आजोबांना?

निदान आजोबांना तरी... हो. आनंद झाला होता... असं मी सांगितलं होतं तुला. शिंगांवर हात फिरवला नि म्हणाले, 'माझं शेवटचं.' सगळ्यांना तेच सांगितलं मी. पाटीवरही तेच घातलं.

मारेन, आज सगळंच सांगते. उद्या माझ्याशी बोललीस न बोललीस.

तसं नाही झालं. नोंद करून आल्यावर मी त्यांची खुर्ची खिडकीशी नेली. हरीण बाहेर झाडाला टांगलेलं. त्यांना कानाची चिठ्ठी दिसली. डोळे शेवटपर्यंत घारीचे त्यांचे. म्हणाले, 'आर्लिस, माझी कशाला बांधलीस? पोरीनं मारलंय ना? पोरीची बांध.' मी म्हटलं, राहू द्या बाबा, वहीत लिहून झालंय. म्हणाले, 'मग पान फाड नि नवीन लिही. तिचं पहिलं आहे ते.' दोनदा म्हणाले. दम लागेपर्यंत म्हणाले. आणि मी पडदा ओढला नि म्हटलं, झोपा आता.

हो. त्यांना नकोच होतं. त्यांना तुझं नाव हवं होतं.

त्यांचं एकही साल रिकामं जाऊ नये, असं मला वाटत होतं. त्यांना नाही. मला. तू पोर होतीस, मायेनं एक वाक्य बोललीस. ती चिठ्ठी, ती वही, ती पाटी, सगळं माझं. आणि शिक्षा तुला.

मारेन?... बोल ना काहीतरी. शिवी दे.

कोण ठोठावतंय?... शावना? तिनं तुझी गाडी ओळखली... काय आहे तिच्या हातात?... पत्र. उघडलेलं?... नाही उघडलं?

का?... दोघींनी मिळून उघडायची ठरली होती पत्रं. आणि तू एकटीनंच... हो गं. विसरलीस. होतं असं.

मग काच खाली घे. घे ना. थंडीत उभी आहे ती पोरगी... नाही, त्यात काय लिहिलंय ते मला नको सांगूस. तुमचं तुम्ही बघा. फक्त ते गोळ्यांचं... हो. तू नाहीच बोलणार. माहितीये मला. तू माझ्यासारखी नाहीस.

संध्याकाळी येशील? दोघी या. कोपऱ्यातलं टेबल राखून... नाही. बरं... उद्या?... बरं. नाही विचारत.

काय? पाटी?

काढते. आत्ता काढते, स्टूल इथेच आहे. स्क्रू गंजलेत, पण निघतील... हो, शिंगं राहू देते. फक्त पाटी.

पण मग तिथं नाव कुणाचं घालू?... तुझं घालू का गं?... बाबा म्हणाले होते तसं... मारेन?

हॅलो?